आक्का, ती बरणी मी का केली होती

आक्का, तुमच्या पलंगावरची चादर अजून तशीच आहे. आज चोविसावा दिवस. समोरच्या शमीम आपा दोनदा म्हणाल्या, "दे इकडं, मी धुऊन टाकते." मी देत नाही आणि मीही धूत नाही. जिना चढून तुमच्या खोलीच्या दारापर्यंत जाते, चादर दिसते, आणि लगेच दंडावर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. बाही वर करून बघते. काही नसतं. दार ओढून घेते आणि खाली येते.

तुम्हाला हसू येईल. चौथीच्या वर्गात भुंगेरा तळहातावर घेऊन फिरणारी बाई एका चादरीला भ्याली. पण खरंच भ्याले आहे. शाळेत फळ्याकडं तोंड करून उभी असले तरी मान खाजते. पोरांसमोर खाजवायचं नाही म्हणून खडू घट्ट धरून ठेवते.

मला धीर देताना लोक म्हणाले, "आता एकेरीत हाक मारून मोकळी हो, रडून घे." मला नाही जमत. लग्न होऊन माजलगावात आले त्या दिवसापासून तुम्हाला 'तुम्ही' म्हटलं. थोरल्या नणंदेला आणखी काय म्हणणार? तुम्ही गेलात म्हणून एकेरीवर येणार नाही. मात्र एक गोष्ट तुम्ही असताना सांगायची होती आणि मी सांगितली नाही. ती आज लिहिते.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. कारखान्याचं गाळप जोरात होतं, गच्चीवर वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर काजळी पडत होती. तुम्ही वरच्या खोलीत मशीनवर बसलेल्या. शिवता शिवता थांबायच्या, मनगट खाजवायच्या, परत मशीनचं पायडल हलवायच्या. आधी मला वाटलं, ऊन कमी, कातडी कोरडी पडली असेल. मग एक दिवस तुम्ही पांढऱ्या अस्तराचा तुकडा घेऊन खाली आल्या.

"महानंदे, हे बघ. हे चावायलेत मला."

तुकड्यावर काळे ठिपके होते. सुईच्या टोकाएवढे.

"आक्का, काजळी आहे ही. कारखान्याची."

"काजळी चालती का गं?"

मी बघत राहिले. ठिपके चालत नव्हते. तुमच्या भावानं दुकानातून आल्यावर बघितलं, फुंकर मारली, ठिपके उडाले. "झालं?" म्हणाले. तुमचं तोंड एवढंसं झालं.

त्यानंतर रोज नवा तुकडा. कागदाच्या पुडीत, काड्यापेटीत, बटणांच्या डबीत. बीडला डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी खरजेचं मलम दिलं. दुसऱ्या खेपेला तुम्ही त्यांच्या टेबलावर काड्यापेटी उघडून ठेवली. त्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले की हे मनाचं आहे, झोपेची गोळी देतो. येताना गाडीत तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या आणि पदराखाली हात खाजवत होत्या. आम्हाला दिसत नाही असं तुम्हाला वाटत होतं.

मनाचं आहे म्हटल्यावर ह्यांना कोण आठवलं, ते मला सांगावं लागलं नाही. तुमच्या धर्मापुरीच्या आत्या. लुगड्यावरच्या न दिसणाऱ्या मुंग्या दिवसभर वेचणाऱ्या. त्यांना मागच्या खोलीत कोंडून ठेवायचे आणि तुम्ही आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांना ताट नेऊन द्यायच्या. तुम्हीच मला सांगितलं होतं, ताट दाराखालून सरकवावं लागायचं म्हणून भाकरी तेवढी द्यायची, वाटी जायची नाही. हे ऐकलं तेव्हा मी नवी नवरी होते. तेव्हा मला आत्याची दया आली होती. दोन वर्षांपूर्वी मात्र मला दया आली नाही, धडकी भरली. आमच्या लेकीच्या, गौरीच्या अंगात त्याच घराचं रक्त आहे, हा पहिला विचार आला. तुमचा नंतर आला. हे मी कबूल करते.

गिऱ्हाईक तुटत गेलं. बायका एकमेकींत बोलायला लागल्या की आक्काकडं कपडा टाकला की किडे येतात. एक जण तर न शिवलेलं कापड परत घेऊन गेली आणि रस्त्यावरच झटकलं. तुम्ही गच्चीवरून ते बघितलं. मीही बघितलं. 

आणि मग तो रविवार. माझ्या माहेरची पाहुणी मंडळी आली होती. हे म्हणाले, "पाहुणे जाईपर्यंत आक्का वरच राहू दे." मी मान हलवली. मला वाटलं, सांगतील तुम्हाला. हे वर गेले आणि बाहेरून कडी सरकवून आले. मला कडीचा आवाज आला. मी पोहे ढवळत होते. ढवळतच राहिले.

पाहुणे चहा घेऊन गेल्यावर मीच कडी काढली. तुम्ही पलंगावर बसल्या होत्या. पाय जमिनीला टेकवून, दोन्ही हात मांडीवर. वर्गात शिक्षा झालेलं पोरगं बसतं तशा. तुम्ही खाजवत नव्हत्या.

"कडी कोण लावलती? तू का शिवा?"

"वाऱ्यानं लागली असेल, आक्का."

तुम्ही माझ्याकडं बघितलं. तुमच्या डोळ्यांत एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती. "मला कोंडू नका गं," तुम्ही म्हणाल्या. "मी खालीच येत न्हाई पाहिजे तर. पण कडी लावू नका."

दुसऱ्या दिवशी मी ती बरणी केली.

शाळेत दरवर्षी करते तशीच. बिस्किटांची मोठ्या तोंडाची पारदर्शक बरणी, धुऊन कोरडी केलेली. तळाशी मापानं कापलेला पांढरा कागद, म्हणजे आतला जीव दिसतो. झाकणाला तापलेल्या सुरीनं गोल भोक, त्याखाली हवेसाठी जाळी, वरून फिरवून झाकण बंद. पोरं त्यात पान, काडी आणि ओला कापूस ठेवतात, एक दिवस किडा बघतात, वहीत चित्र काढतात आणि संध्याकाळी सोडून देतात. तुमच्यासाठी मी पान-काडी घातली नाही. मच्छरदाणीचा तुकडा लावला आणि वर घेऊन आले.

तुम्ही बरणी हातात घेतली, जाळीवर बोट फिरवलं आणि तुमच्यातली शिंपीण जागी झाली. "ही जाळी? माझ्या किड्याला हा दरवाजा हाय." तुम्ही कपाटातून सुती अस्तर काढलं, उजेडाला धरून वीण बघितली, दुहेरी घडी करून गोल कापलं. बरणीच्या गळ्याला आतून व्हॅसलिनचं बोट फिरवलं. "चढून आले तर इथं चिकटतील." मशीन साफ करायचा बारीक ब्रश घेतला, टोक पाण्यात बुडवलं. "चिमटीत मरत्यात. ब्रशानं उचलते." माझ्या वर्गात इतक्या वर्षांत एकाही पोराला हे सुचलं नव्हतं, आणि मला तर नाहीच.

मी तुम्हाला म्हटलं, "आठ दिवस जे चावेल ते यात टाका. मग आपण दोघी भिंगातून बघू. जे दिसेल ते खरं मानायचं. कबूल?"

"कबूल."

आक्का, तुम्हाला वाटलं मी तुमच्या बाजूनं आले. तसं नव्हतं. बरणी रिकामीच राहणार याची मला खात्री होती. आठ दिवस रिकामी बरणी तुमच्या उशाशी ठेवली की तुम्हीच मानाल, गोळी घ्याल, आणि ह्यांना परत कडी लावावी लागणार नाही, असा माझा हिशोब. तुम्हाला खोटं पाडायला मी ती बरणी केली होती. प्रेमानं केली, भीतीनं केली, पण केली ती त्यासाठीच.

चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही जिन्यावरून हाक मारली. आवाज वेगळा होता. मी शाळेच्या पेटीतलं भिंग घेऊन वर गेले. तुम्ही बरणी खिडकीच्या उन्हात धरली होती. पांढऱ्या कागदावर दहा-बारा ठिपके. मी बोलायला तोंड उघडलं, काजळी म्हणायला, आणि एक ठिपका निघाला. कडेपर्यंत गेला, वळला, परत आला. मग दुसरा. मी भिंग धरलं. पाय होते. एकाचं पोट लाल होतं.

"बघ, बघ," तुम्ही माझा दंड धरून म्हणाल्या, "ते तांबडं माझंच रगत हाय! मी येडी न्हाई, महानंदे! मी येडी न्हाई!"

तुम्ही हसत होत्या आणि रडत होत्या. मला काय झालं, ते सांगते. माझ्या डोक्यातले सगळे केस उभे राहिले. मी तुमचा हात झटकला. तुम्हाला तो झटका कळला की नाही, कोण जाणे. मी खाली पळाले, गौरीच्या गाद्या उन्हात टाकल्या, चादरी उकळत्या पाण्यात बुडवल्या, स्वतः दोनदा अंघोळ केली. त्या दिवशी तुमचं ताट मी वर पाठवलं. तुम्हाला खाली जेवायला बोलावलं नाही. तुम्ही खऱ्या ठरल्या आणि मी तुम्हाला आणखी लांब केलं.

तुम्ही मात्र थांबल्या नाहीत. बरणी घेऊन सरळ दुकानात गेल्या. ह्यांच्या काउंटरवर, साखर घ्यायला आलेल्या माणसांसमोर ठेवली.

"शिवा, चालायलेत का न्हाई?"

"आक्का, घरी बोलू."

"न्हाई. हितंच सांग. चालायलेत का न्हाई?"

ह्यांनी वाकून बघितलं. दुकानातल्या माणसांनी बघितलं. "चालायलेत," हे म्हणाले. तेवढंच. तिथून तुम्ही शमीम आपांकडं गेल्या. त्यांनी बरणी बघितली आणि वर तुमच्या झरोक्याकडं बोट केलं. "आक्का, तिथं पारव्यांनी घर केलंतं ना? पिल्लं उडून गेली, आता पारवे दिसत न्हाईत. आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात पण असलेच असतात. पाखरू गेलं की माणसाला धरत्यात."

त्याच दिवशी ह्यांनी शिडी लावली. झरोक्यातनं काड्या, पिसं, वाळकी घाण निघाली आणि त्यात ते ठिपके मुंग्यांसारखे वळवळत होते. सगळं जाळलं, औषध फवारलं, खोली चुन्यानं रंगवली, झरोक्याला जाळी ठोकली. आठवड्यात तुमची खाज गेली. महिन्यात बायका कपडे घेऊन यायला लागल्या. ह्यांनी तुमची माफी मागितली नाही. रोज दुकानातून येताना तुमच्यासाठी काहीतरी आणायला लागले, कधी पेरू, कधी दोऱ्याचं रीळ. तुम्ही घेत गेल्या. भावाला बोलायला लावणं तुमच्या स्वभावात नव्हतं.

माझ्यासाठी तुम्ही काय काय केलं, ते मी इथं मांडायला बसले तर उपकारांचा हिशोबच होईल. एवढंच आठवतं की मला नोकरीची ऑर्डर आली आणि घरात सगळे गप्प झाले, तेव्हा मशीन थांबवून तुम्ही बोलल्या होत्या, "ती शाळेत जाईल. पोरगी मी बघते." आणि पहिल्या दिवसासाठी ब्लाउज शिवून दिला, आत खडू ठेवायला चोरखिसा लावून. असा खिसा कोण लावतं, आक्का?

या वर्षी पाऊस सुरू झाला आणि तुम्ही जिन्यात मला म्हणाल्या, "परत खाजायलंय गं."

या खेपेला मी एका क्षणाचीही शंका घेतली नाही. पुन्हा तसंच वागायचं नाही, अशी मनाशी शपथच घेतली होती. नवी बरणी केली. तुमच्या पद्धतीनं, दुहेरी अस्तर, व्हॅसलिन, ब्रश. झरोका तपासला, जाळी शाबूत होती. उशा फोडल्या, कापूस उन्हात टाकला. पलंगाच्या फटी मेणबत्तीनं भाजल्या. रोज शाळेतून आले की पिशवी ठेवून वर यायचे आणि भिंग घेऊन बसायचे. कागदावर कधी दोऱ्याचा तंतू, कधी धूळ. चालत काहीच नव्हतं.

"हे आणखी बारीक असतील," मी म्हणायचे. "अस्तरातनंसुद्धा जात असतील. तिहेरी करू."

तुम्ही सांगितलं होतं, आक्का. मला तुमचे शब्द जसेच्या तसे आठवतात, आणि म्हणूनच भीती वाटते. तुम्ही म्हणाल्या होत्या, "महानंदे, हे चावणं न्हाई. चालत न्हाई काही. आतनं खाजतंय. तळपायात, तळहातात. बोट ठेवावं तिथं सापडत न्हाई."

आणि मी तुमच्याशी वाद घातला. "आक्का, मागच्या वेळी सगळ्यांनी हेच म्हटलं, की बाहेर काही नाही, तुमच्या आतच आहे. आता तुम्हीच तसं बोलता? मी नाही मानत. आपण शोधू."

"ते वेगळं होतं गं."

"काही वेगळं नाही."

तुम्ही उठून मशीनवर जाऊन बसल्या. मला वाटलं, मी तुम्हाला धीर दिला. तुम्हाला भूक नव्हती, ती मी पावसाळ्यावर ढकलली. तुमचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, ते तुम्ही स्वतःच टिपा घालून आत घेतले, मला न सांगता. दोन महिने मी तिथं बसून भिंगातून रिकामा कागद बघितला. भिंगावरून मान वर करून तुमच्याकडं बघितलं नाही.

बघितलं ते शमीम आपांनी. कुर्त्याचं माप द्यायला आल्या होत्या. तुम्ही टेप घेऊन खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तुमची हनुवटी धरून तोंड वर केलं. "आक्का, तुमचे डोळे लई पिवळे दिसायलेत."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संभाजीनगरचा दवाखाना. पित्ताच्या नळीत गाठ. पित्त अडलं की ते रक्तात उतरतं आणि सगळं अंग आतून खाजतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, "दोन महिने आधी आणलं असतं तर?" त्यांनी कागद खालीवर केले. म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तरी मी जगले असते, नाही म्हणाले असते तरी जगले असते. त्या 'सांगता येत नाही'नं मला कुठंच टेकू दिलं नाही.

अडलेलं पित्त वाहायला आत नळी टाकल्यावर चार-सहा दिवस खाज थांबली. तुम्ही शांत झोपल्या. एका सकाळी डोळे उघडले, मी केस विंचरत होते तुमचे, आणि तुम्ही विचारलं, "पहिल्या खेपेला ती बरणी केलतीस, तवा तुला माझं खरं वाटलतं ना?"

 तुम्ही माझ्याकडं बघत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"हो, आक्का."

"शिवाला न्हाई वाटलं. डॉक्टरला न्हाई. तुला वाटलं." तुम्ही डोळे मिटले. "तेवढं लई झालं."

मला बोलता आलं असतं. तुम्हाला आणखी पाच दिवस होते. रोज तुमच्या शेजारी बसून मी ठरवायचे की आज सांगते, आणि तुम्ही शांत दिसल्या की माझी जीभ उचलायची नाही. आणि मला हेही कळत नाही की तुम्ही मला का विचारलं. खरंच माहीत नव्हतं म्हणून? का माहीत होतं, आणि मला खोटं बोलायची सोय करून दिली? तुम्ही कापडाची वीण उजेडाला धरून ओळखणाऱ्या. माझी ओळखली नसेल?

आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुम्हाला मातीत बसवलं, भस्म लावलं, बेल वाहिला. मी काठावर उभी होते. खणलेल्या मातीत लाल मुंग्या सैरावैरा धावत होत्या. सगळे तुमच्याकडं बघत होते, मी त्या मुंग्यांकडं बघत होते. वाटलं, खाली उतरावं आणि एकेक वेचून काढावी. आत्यांची आठवण झाली आणि मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

त्या दिवसापासून माझं अंग खाजतं. सांगितलं नाही कुणाला. काय सांगणार? बाहेर किडा आहे म्हणू, आत गाठ आहे म्हणू, का डोक्यात आत्या आहेत म्हणू? तिन्हींची सारखीच भीती वाटते. आणि परवा दुपारी जेवताना मी पाहिलं, तुमचे भाऊ टेबलाखाली पोटरी खाजवत होते. मी बघितलं तसं त्यांनी पाय मागं घेतला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"काही न्हाई. घामोळं आहे."

"किती दिवस?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "आक्का गेली तेव्हापासून."

मी म्हटलं, "हात धुवा. आताच रक्त तपासायला जायचंय. दोघांनी."

"मला काय झालंय?"

"माहीत नाही. म्हणूनच."

दुकान बंद करून हे निघाले. त्यांनी एवढ्या मुकाट्यानं ऐकलं तेव्हा मला कळलं, ते माझ्यापेक्षा जास्त भ्याले होते. बाजारातल्या तपासणी केंद्रात आम्ही शेजारी शेजारी बसून दंड पुढं केला. काल सकाळी कागद मिळाले. तिथल्या मुलीनं वाचून सांगितलं की दोघांचंही काविळीचं सगळं नीट आहे, काळजीचं काही दिसत नाही. पाच मिनिटांचं काम.

बाहेर पायरीवर आलो. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. हे मागंच राहिले होते. वळून बघितलं तर कागद हातात धरून भिंतीला टेकून उभे. तुम्हाला मातीत ठेवताना न रडलेला माणूस भर बाजारात रडत होता, तोंड उघडं टाकून. मोसंबीच्या गाड्यावरची माणसं बघत होती.

"महानंदा," ते म्हणाले, "आक्काला काहून न्हाई आणलं आपण हितं?"

मी त्यांच्या हातातला कागद घेतला, कोपर धरलं आणि चालायला लागले. घरापर्यंत पावलं मोजली, आक्का. चारशेसुद्धा भरली नाहीत.